काकांचा फोन: धुकं

९ ऑक्टोबर

ताई,

नमस्कार. तुमच्याकडे फोन लावून पाहिला. दोनदा घंटी वाजते आणि मग सगळं शांत होतं. म्हणून पत्र लिहितो आहे. पत्रांची सवय राहिलेली नाही. औषधांच्या दुकानात दिवसभर पाकिटांवर 'सकाळी एक, रात्री एक' लिहितो, तेवढंच माझं लिखाण.

आपली टिटवी गेली, त्याला आता वर्ष होत येईल. अंत्यविधीनंतर आपलं बोलणं झालं नाही. त्यात तुमचं काही चुकलं असं नाही, मीही कोणाशी बोललो नाही. काही दिवस दुकान बंद ठेवलं. मग लोक शटर वाजवायला लागले, म्हणून उघडलं.

विषय असा आहे. टिटवी ज्यांच्याकडे फोटोग्राफी शिकली, ते मास्तर परवा घरी आले होते. त्यांना फेब्रुवारीत तिच्या फोटोंचं प्रदर्शन भरवायचं आहे. तुमचं शेत, तुमचा गोठा, जनावरं, वर्षभरात ती कशी दिसतात ते. तिच्या खोलीतली पेटी त्यांनी माझ्यासमोर उघडली. तोवर मी उघडली नव्हती. उन्हाळा आहे, पावसाळा आहे, कापणी आहे. हिवाळा नाही. धुक्यातला गोठा काढायला म्हणून निघाली ती तुमच्यापर्यंत पोचलीच नाही. वळणावर उभा असलेला ट्रक तिला दिसला नाही, हे आपल्याला माहीत आहे.

तिची पद्धत अशी होती की ती स्वतःच्या मनाने कधी निघत नसे. आधी तुमच्याकडून काकांचा फोन यायचा. पाऊस उतरला, गाय व्यायली, गवत कापायला घेतलं. मग ही स्कूटर काढायची. मी एकदा म्हटलं, रविवारी सुट्टी असते तेव्हा जात जा. तर म्हणाली, "बाबा, गाईला रविवार कळत नाही."

माझी विनंती आहे की यंदा धुकं पडेल तेव्हा काकांनी मला एक फोन करावा. मी बसने येईन. तिचा जुना कॅमेरा घरी आहे, तो कसा वापरायचा ते मास्तरांकडून शिकतो आहे. ती जिथे उभी राहायची तिथे उभा राहून एक फोटो काढेन आणि परत जाईन. जेवायलाही थांबणार नाही, तुम्हाला त्रास नको.

काकांची तब्येत कशी आहे? त्या दिवशीचा फोन मीच उचलला होता. त्यानंतर त्यांचा आवाज ऐकलेला नाही.

आपला,
भाऊजी


२२ ऑक्टोबर

भाऊजी,

तुमचं पत्र आलं तेव्हा पोस्टमन म्हणाला, "मावशी, बिल नाही, पत्र आहे! कोणाचं हो?" मी म्हटलं, तुला काय करायचंय, तुझं लग्न ठरल्याचं नाही एवढं नक्की.

'जेवायलाही थांबणार नाही' हे काय लिहिलंत? माझ्या बहिणीचा नवरा माझ्या दारातून उपाशी जाणार आणि मी बघत बसणार? ती असती तर तिने तुमचा एक आणि माझा एक असे कान धरले असते.

आमचा फोन बिघडला आहे. दुरुस्तीवाला येतो येतो म्हणतो आणि तिकडेच राहतो.

हे ठीक आहेत. तुम्हाला माहीत आहेतच, सारखे जनावरांच्या मागे. नकटी पुन्हा गाभण आहे. तिच्या मागच्या वासराला आता शिंगं फुटली आहेत आणि अक्कल फुटायची आहे. आणि ती पांढऱ्या दाढीची शेळी आठवते? सगळ्यांकडे चष्म्यावरून बघितल्यासारखं बघते म्हणून टिटवीने तिचं नाव मास्तरीण ठेवलं होतं. तिने परवा ह्यांचा वाळत घातलेला सदरा खाल्ला. एक बाही तेवढी ठेवली. मी ह्यांना म्हटलं, घ्या, आता एका हाताने काम करा. खूप हसले.

गोठ्याला पावसाळ्यात थोडी गळती लागली होती, ती बुजवली. कापणी उरकली. गवताची गंज रचून झाली, यंदा जरा एका अंगाला कलली आहे, पण उभी आहे. आमच्यासारखीच.

धुक्याचं काही सांगता येत नाही हो. हल्ली पूर्वीसारखं पडत नाही. तुम्ही त्या भरवशावर राहू नका आणि या वयात कॅमेरा गळ्यात घालून चिखलात उभं राहू नका. गुडघ्यांचं औषध तुमच्या दुकानात असलं म्हणून काय झालं.

एक मागते. तिने इतके फोटो काढले, पण माझ्याकडे एकही नाही. सगळं पुरं झालं की एकदम दाखवते म्हणायची. त्यातला एखादा जमला तर पाठवा.

तुमची,
ताई


१७ नोव्हेंबर

ताई,

तुमचं पत्र मिळालं. घरचं आणि जनावरांचं सगळं सविस्तर लिहिलंत, बरं वाटलं. सदऱ्याचा प्रसंग मी मास्तरांनाही सांगितला.

तुम्ही एक फोटो मागितलात. मी जास्त पाठवतो आहे. सोबतचं पार्सल बघा.

त्याचं असं झालं. पेटीतले फोटो लावताना मला दिसलं की प्रत्येक रोलमधला पहिला फोटो काकांचा आहे. गाय किंवा गंज किंवा गोठ्याचं दार पुढे येतं, पण आधी काका. मी मास्तरांना विचारलं. ते म्हणाले, उजेड किती आहे आणि नजर कुठे स्थिर करायची हे बघायला ती आधी एखाद्या माणसाला जनावराच्या जागी उभं करत असणार. मग माणूस बाजूला व्हायचा आणि खरा फोटो निघायचा. "हे सगळे चाचणीचे. फेकायचेच असतात," असं ते म्हणाले.

मला ते फेकायचे वाटले नाहीत. मी त्यांच्या प्रती करून घेतल्या. आपला फोटो निघतो आहे हे काकांना माहीत होतं की नाही कोण जाणे. उन्हाळ्यातल्या एका फोटोत ते गोठ्याच्या दारात बादली धरून उभे आहेत, उन्हाने डोळे इतके बारीक झालेत की झोपल्यासारखे वाटतात. पावसातल्या फोटोत डोक्यावर पोतं आहे आणि नाकाच्या टोकावर पाण्याचा थेंब, तो पडायच्या आतच फोटो निघाला आहे. एकात ते जमिनीवर बसलेत आणि मांडीवर नुकतंच झालेलं वासरू आहे.

कापणीतला फोटो मी बराच वेळ पाहिला. काका गंजीपाशी उभे आहेत, अंगभर काड्या चिकटल्या आहेत आणि तोंड उघडं आहे. ते काहीतरी बोलत आहेत. तिने काहीतरी विचारलं असेल आणि ते उत्तर देत असतील. काय ते फोटोत कळत नाही.

एकमेकांत मिसळू नयेत म्हणून प्रत्येक फोटो दुकानातल्या औषधाच्या कागदी पाकिटात घातला आहे आणि पाकिटावर कधीचा ते लिहिलं आहे. क्रमाने लावले आहेत. शेवटचं पाकीट रिकामं आहे, पण तेही क्रमात ठेवलं आहे.

काकांना दाखवा. धुक्याच्या फोनची वाट बघतो.

आपला,
भाऊजी


१ डिसेंबर

भाऊजी,

पाकिटं मिळाली. एवढी तसदी घ्यायला नको होती.

यंदा आमच्याकडे धुकं नाही. कोरडी थंडी आहे. पडेल असं वाटत नाही. तुम्ही येऊ नका. प्रदर्शन आहे तेवढ्या फोटोंवर होऊ द्या.

आणखी काही पाठवू नका.

ताई


१५ डिसेंबर

ताई,

तुमचं छोटं पत्र मी अनेकदा वाचलं. माझं काय चुकलं ते त्यात लिहिलेलं नाही, पण काहीतरी चुकलं आहे एवढं कळलं.

एक गोष्ट सांगायला हवी. तुम्ही धुकं नाही म्हणून लिहिलंत, पण गेला आठवडाभर तुमच्याकडून येणाऱ्या बसगाड्या उशिरा येत आहेत. माझ्या दुकानात खोकल्याचं औषध न्यायला एक चालक येतो. त्याला विचारलं, तर म्हणाला, "साहेब, पुढचा माणूस पायी चालला आणि मी त्याच्या मागून गाडी चालवली, असं धुकं आहे."

मंगळवारी मी त्याच्याच बसने आलो. तुम्हाला कळवलं नाही. शेताच्या फाट्यावर उतरलो आणि कुंपणाच्या कडेने गोठ्यासमोर आलो. गोठा आधी दिसलाच नाही. मग एकदम समोर आला, भिंत अंगावर यावी तसा.

मी तिथे बराच वेळ उभा होतो. जनावरं असतील तर काहीतरी आवाज येतो. घंटा, खूर, शिंक. काही आलं नाही. दार सताड उघडं होतं आणि आत गव्हाणी रिकाम्या होत्या. शेणाचा वाससुद्धा जुना होता. आत काका बसलेले दिसले, पालथ्या घातलेल्या बादलीवर. त्यांचं तोंड माझ्याकडे होतं. त्यांनी मला पाहिलं की नाही ते सांगता येत नाही, धुकं दोघांच्या मध्ये होतं. मी हाक मारणार होतो. मारली नाही. मग परत फाट्यावर गेलो.

त्याआधी एक फोटो काढला होता. तो धुऊन आणला तर कागद संपूर्ण पांढरा निघाला. मास्तर म्हणाले, उजेड जास्त घेतलात. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तसं बघितलं तर धुकंच आहे हे."

ताई, नकटी कुठे आहे? मास्तरीण कुठे आहे? तुम्ही मला काय लिहीत होता?

भाऊजी


२६ डिसेंबर

भाऊजी,

कुंपणापर्यंत येऊन परत गेलात. छान. मी घरात चुलीपाशी होते, ओरडला असतात तर ऐकू आलं असतं.

तर ऐका. ती गेली त्या दिवसापासून हे बोललेले नाहीत. रागावून नाही, रुसून नाही. तोंड उघडतात, आणि आवाज निघत नाही. डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी घसा बघितला, छाती बघितली, म्हणाले, सगळं ठीक आहे, बोलतील. आमच्या घरात वर्षभर शाळेसारखं आहे, हाताची घडी आणि तोंडावर बोट.

फोन बिघडलेला नाही. ह्यांनी तारा भिंतीतून उपटून काढल्या. कोणाचा फोन आला की उठून अंगणात निघून जायचे. जनावरं मार्चमध्ये पलीकडच्या वाडीवरच्या माझ्या नणंदेकडे पाठवली. मी एकटी किती करणार? आणि हे गोठ्यात जायचे ते नुसते बसायला. गाय हंबरली तरी उठायचे नाहीत. धारा चुकायला लागल्या, कासा सुजल्या. त्यापेक्षा ती तिकडे बरी.

मग तुमचं पत्र आलं. जनावरं कशी आहेत, ह्यांचं कसं आहे. मी लिहायला बसले आणि लिहीत गेले. सदरा शेळीने खाल्ला ते खरं आहे, पण तो दोन वर्षांपूर्वी. तेव्हा हसले होते, आता नाही. वर्षभरात मी कोणाशी गप्पा मारल्या नव्हत्या, भाऊजी. तुम्हाला लिहिताना घर भरल्यासारखं वाटलं. खोटं लिहिलं, पण कोणाचं वाईट व्हावं म्हणून नाही.

तुमचं पार्सल आलं त्या दिवशी हे अंगणात होते. मला वाटलं, तिने काढलेले फोटो, ह्यांचेच फोटो, बघून कदाचित मोकळे होतील. मी सगळी पाकिटं टेबलावर मांडली. ह्यांनी एकेक उचललं. फोटो नंतर बघितले, आधी वरचं वाचलं. तुमच्या त्या स्वच्छ अक्षरात. 'काकांचा फोन: ऊन.' 'काकांचा फोन: पाऊस.' 'काकांचा फोन: वासरू.' 'काकांचा फोन: कापणी.' प्रत्येक पाकिटावर काकांचा फोन, काकांचा फोन. आणि शेवटी एक रिकामं. 'काकांचा फोन: धुकं.'

तुम्हाला ह्यांना एकदाच म्हणायचं होतं ना, 'तुम्ही बोलावलंत म्हणून माझी मुलगी गेली'? म्हणायचं होतं एकदा, तोंडावर. मी कपाळाला हात लावला असता, पण ऐकून घेतलं असतं. तुमचा हक्क आहे तो. पण असं पाकिटांत भरून, क्रमाने लावून, औषधासारखं पाठवायचं?

ते रिकामं पाकीट ह्यांनी खिशात ठेवलं आहे. धुतानाही काढू देत नाहीत. तेव्हापासून सकाळीच गोठ्यात जाऊन बसतात. तुम्हाला दिसले ते तसेच.

तुम्ही शांत माणूस. शांत माणसाने मारलं की असं लागतं, हे मला माहीत नव्हतं.

ताई


४ जानेवारी

ताई,

तुमचं पत्र दुकानात वाचलं. गिऱ्हाईक समोर उभं होतं. त्याला मी चुकीचं औषध दिलं, मग मागे धावत जाऊन बदलून आणलं. एवढ्या वर्षांत असं झालं नव्हतं.

पाकिटांवरचे शब्द माझे नाहीत. टिटवीचे आहेत. ती प्रत्येक रोल एका पाकिटात ठेवायची आणि कोणत्या फोनवर गेली ते वर लिहायची. तिला फोटोची तारीख नको असायची, फोन कशाचा होता ते हवं असायचं. मोठ्या बाटलीतलं औषध छोट्या बाटलीत भरलं की वरचं लेबल जसंच्या तसं उतरवायचं, त्यात आपली अक्कल चालवायची नाही, हे आम्हाला शिकवतात. मी उतरवलं. तिचं अक्षर न पाठवता माझं पाठवतो आहे आणि ते वाचणारा कोण आहे, हे माझ्या डोक्यात आलं नाही. धुक्याचं पाकीट तिने आधीच तयार करून ठेवलं होतं. ते वगळलं तर क्रम चुकेल, एवढाच विचार मी केला.

तिची मूळ पाकिटं सोबत पाठवतो आहे. काकांना दाखवा. अक्षर ते ओळखतील. धुक्याच्या पाकिटावर तिने कोपऱ्यात शेळी काढली आहे.

आता तुम्ही म्हणता ते तोंडावर म्हणायचं. पहिले काही महिने मला काकांचा राग आला होता. नाही म्हटलं तर खोटं होईल. पण फोन मी उचलला. तिला हलवून उठवलं मी. गरम दुधाचा पेला तिच्या हातात दिला मी. ज्याने बोलावलं त्याला दोष द्यायचा तर ज्याने उठवलं त्याला काय म्हणायचं? हे मी पुष्कळ वेळा मांडून पाहिलं. त्यातून काही निघत नाही. आता मला राग नाही, आणि तो नाही म्हणून बरं वाटतं असंही नाही.

आणखी एक लिहितो. मला धुक्याचा फोटो नको होता. मला वाटायचं हवा आहे, पण तिथे उभं राहिल्यावर कळलं की नाही.

शेवटच्या वर्षात टिटवी माझ्याशी फार कमी बोलली. मी विचारायचो, जेवलीस का, ती म्हणायची हो. उद्या कुठे, शेतावर. बस. तुमच्याकडे मात्र ती बोलत होती. कापणीच्या फोटोत काकांचं तोंड उघडं आहे, म्हणजे समोर तीही बोलत असणार. ती काय बोलायची ते जगात एकाच माणसाला माहीत आहे आणि तो माणूस बोलत नाही.

माझ्याकडे तिचे कपडे आहेत, कॅमेरा आहे, फोटो आहेत. तिचं बोलणं नाही. काकांकडे ते आहे. त्यांना सांगा, मला तेवढंच हवं आहे. सगळं हवं आहे, चांगलं तेवढंच नको. तोंडाने जमत नसेल तर त्यांनी तुम्हाला खुणा करून सांगावं, तुम्ही लिहून पाठवा. नाहीच जमलं तर त्यांना त्रास देऊ नका. मी पुन्हा विचारणार नाही.

आपला,
भाऊजी


२७ जानेवारी

साडूभाऊ,

हिने तुमचं पत्र मोठ्याने वाचलं. गोठ्यात येऊन वाचलं. टिटवीची पाकिटं बघितली. अक्षर तिचंच आहे. शेळीची दाढी चुकली आहे.

मी कधी पत्र लिहीत नाही. घरात लिहायचं काम हिचं. चुकलं तर समजून घ्या. आठवलं तसं लिहितो.

कॅमेरा लावला की मला गाईच्या जागी उभं करायची आणि म्हणायची, काका, श्वास घ्या, पण मोठा घेऊ नका. एकदा म्हणाली, तुमच्यापेक्षा नकटी बरी, ती पोट आत ओढत नाही.

फोटो निघतो हे मला माहीत नव्हतं. ती म्हणायची, नुसता उजेड बघते. लबाड.

वासरू झालं तेव्हा फोटो काढायचा सोडून माझ्या शेजारी येऊन बसली. म्हणाली, काका, आपण आत्ताच जगात आलो हे ह्याला कळत असेल का? मी म्हटलं, ह्याला भूक तेवढी कळते. म्हणाली, मग बरं आहे ह्याचं.

गंजीपाशी माझं तोंड उघडं आहे, त्याचं सांगतो. तिने विचारलं, काका, मावशीला मागणी घातलीत तेव्हा काय म्हणालात? मी म्हटलं, मी काहीच म्हणालो नाही, तिच्या वडिलांनीच मला विचारलं, गाई किती. ती खाली बसून हसली. तोच फोटो असणार.

पावसात ती भिजायची. मी ओरडायचो. ती म्हणायची, ओरडा, इथे ओरडतात तरी.

तुमच्याबद्दल म्हणायची, बाबा मोजून बोलतात. सकाळी एक, रात्री एक, जेवणानंतर. मी हसलो होतो. ती पण. पण ती आधी थांबली.

आता पुढचं. ही म्हणाली हे लिहू नका. मी पाटीवर लिहून दाखवलं, त्यांनी सगळं मागितलं आहे. गाळलं तर ते तिचं बोलणं राहणार नाही.

ऑगस्टात एकदा मोठा पाऊस आला आणि आम्ही दोघं गोठ्यात अडकलो. जनावरं आत, आम्ही आत. तेव्हा ती म्हणाली, काका, मला घरी जायला नको वाटतं. आई गेल्यापासून आम्ही दोघं त्या घरात पाहुण्यासारखे वागतो. बाबा विचारतात जेवलीस का. मी हो म्हणते. जेवले नसले तरी हो म्हणते. ते वर बघत नाहीत. मी म्हटलं, त्यांना सांग. ती म्हणाली, तुम्ही सांगा ना, तुम्ही दोघं साडू. मी बरं म्हटलं. पण फोन केला आणि तुम्ही उचललात की मी म्हणायचो, टिटवीला द्या. तेवढंच म्हणायचो. मलाही तुमच्याशी कसं बोलायचं ते कळत नसे.

धुक्याचं झालं की ती इकडे राहायला येणार होती. दोन-तीन महिने, जास्तही. हिने वरची खोली झाडून ठेवली होती. तुम्हाला कसं सांगायचं ते तिला जमत नव्हतं. म्हणायची, बाबा नाही म्हणणार नाहीत काका, तेच तर वाईट आहे. बरं म्हणतील.

त्या दिवशीचं मला काही माहीत नाही. ती आली नाही. मी गाय धुऊन, बांधून उभा होतो.

बोलायचं म्हटलं तर अजून नीट जमत नाही. काल हिला पाणी म्हणालो. ही रडत बसली. पाणी आणलंच नाही.

तुमचा,
साडू


१८ फेब्रुवारी

काका,

तुमचं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला कारण मधे प्रदर्शन होतं.

तीन भिंतींवर तीन ऋतू लावले. चौथ्या भिंतीवर माझा पांढरा कागद लावावा, लोकांना तो धुकं म्हणून पटेल, असं मास्तरांचं म्हणणं होतं. मी नको म्हणालो. लोकांनी त्या भिंतीला पिशव्या टेकवल्या. तुमचा कापणीतला फोटो मात्र मी आग्रहाने लावायला लावला. एक बाई त्यापुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, हा माणूस काय बोलतोय? मी म्हटलं, गाई किती. त्या हसल्या. मीही हसलो असेन, कारण मास्तर माझ्याकडे वळून बघत होते.

घराबद्दल ती म्हणाली ते खरं आहे. मी जेवलीस का विचारायचो तेव्हा माझ्या हातात वर्तमानपत्र असायचं. ती खोटं हो म्हणते हे मला माहीत नव्हतं. तुमच्याकडे राहायला जाते म्हणाली असती तर मी बरं म्हणालो असतो, हेही खरं आहे. तिने मला बरोबर ओळखलं होतं.

ताईंना सांगा, तुम्ही लिहू दिलंत ते चांगलं केलं.

पत्र मी रोज वाचतो. वाचताना पहिल्यांदा बरं वाटतं, मग वाटत नाही, तरी वाचतो. आणखी आठवेल तसं लिहीत जा. क्रमाने नको. तुमच्याकडे तिचं बोलणं किती उरलं आहे ते मला माहीत नाही आणि आपलं दोघांचंही वय झालं आहे. म्हणून एक करा. माझ्याविरुद्ध असेल ते आधी लिहा.

तुमचा,
साडू